कष्टाचा रकाना, दग्याचा रकाना

(महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यासशिबिरात 'आपलं वाचन, आपलं जगणं' या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

साहित्यावर बोलायला मला बोलावलंत याचं मलाच नवल वाटतंय. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून कुटुंब सल्ला केंद्रात काम करते आहे. माझं रोजचं वाचन म्हणजे केसपेपर, पोलीस चौकीतून आलेली पत्रं आणि कोर्टाच्या तारखा. रात्री कादंबरी हातात घेतली तर दोन पानांत डोळा लागतो. तेव्हा 'मराठी साहित्यातील स्त्रीचित्रण' असं काही ऐकायला मिळेल म्हणून कोणी आलं असेल, तर तिची आधीच माफी मागते.

मी सांगणार आहे एका विद्यार्थिनीच्या वहीबद्दल. तिची परवानगी घेतली आहे. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पण वहीत जे होतं ते तसंच सांगते, कारण त्या वहीनं मला माझ्या शिक्षणात कोणी न शिकवलेली एक गोष्ट शिकवली.

दर गुरुवारी संध्याकाळी मी मुलींच्या एका वसतिगृहात जाते. सुरुवातीला मी थेट विचारायची, "घरी सगळं ठीक ना? काही अडचण?" सगळ्याजणी एका सुरात म्हणायच्या, "काही नाही ताई, सगळं छान." तुम्ही सगळ्या हेच काम करता, तुम्हाला हे उत्तर पाठ असेल. मग आम्ही वाचनगट काढला. स्वतःबद्दल न बोलणारी मुलगी पुस्तकातल्या बाईबद्दल मात्र तासभर बोलते, आणि बोलता बोलता तिचंच घर त्यात येतं, एवढा साधा हिशेब होता.

एकदा मी सगळ्यांना म्हटलं, आतापर्यंत वाचलेल्यावर दोन पानं लिहून आणा. बहुतेकींनी परीक्षेत लिहितात तसं आणलं. 'लेखिकेने स्त्रीच्या दुःखाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे' वगैरे. एका मुलीनं मात्र वहीचं पान पट्टीनं आखून आणलं होतं. मधे उभी रेघ. डावीकडे लिहिलं होतं 'कष्ट', उजवीकडे 'दगा'. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकातल्या बाईवर जे जे आलं, ते तिनं या दोन रकान्यांत वाटून टाकलं होतं.

ही मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मराठी विषय. वडील वारलेले. आई शेतमजुरीला जाते. मोठा भाऊ एमआयडीसीत कंत्राटी कामगार, त्याच्याच पगारातून हिची फी आणि खानावळ. मी विचारलं, "असे दोन रकाने कशाला केलेस?"

ती म्हणाली, "ताई, आम्हाला वर्गात सगळ्याला 'दुःख' असंच म्हणायला शिकवतात. पण सगळं एकसारखं नसतं ना. पाऊस पडला नाही, साथ आली, घरात दाणा नाही, हे कष्ट. आणि आपण विश्वास ठेवला म्हणूनच जे कोणाला करता आलं, तो दगा."

मी चळवळीत वाढलेली. मी लगेच म्हटलं, "अगं, गरिबीतसुद्धा कोणाचा तरी हात असतोच की. दुष्काळसुद्धा नुसता आभाळातून पडत नाही."

"हो," ती म्हणाली, "पण तो हात परक्याचा असतो. त्याच्यावर आपण विश्वास ठेवलेला नसतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता तिच्या वहीत काय काय होतं ते सांगते. पहिलं नाव शकुंतलेचं. त्यांना अभ्यासाला नाटकाचा इतिहास होता. त्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' येतं. १८८० साली ते पुण्यात रंगभूमीवर आलं आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं, हे आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलंय. गोष्टही माहीत आहे. राजा आश्रमात येतो, शकुंतलेशी गांधर्वविवाह करतो, अंगठी देऊन निघून जातो. दुर्वासाचा शाप लागतो आणि राजाला तिचा विसर पडतो. अंगठी सापडते तेव्हा आठवतं. म्हणजे चूक कोणाचीच नाही. शाप ऋषीचा, अंगठी पाण्यात पडलेली. आणि शाप का लागला? तर शकुंतला नवऱ्याच्या विचारात हरवली होती आणि दारात आलेल्या ऋषीकडे तिचं लक्ष गेलं नाही म्हणून. थोडक्यात, दोष असलाच तर तिचा!

मुलीनं हे डावीकडे, कष्टात लिहिलं होतं. मग ते खोडून उजवीकडे नेलं होतं, आणि खाली एक ओळ: 'राजाला विसर पडला नव्हता.'

झालं असं, की तिनं ग्रंथालयातून महाभारताचं भाषांतर आणून आदिपर्वातली मूळ गोष्ट वाचली. त्यात शापही नाही आणि अंगठीही नाही. शकुंतला मुलाला घेऊन भर दरबारात येते, आणि दुष्यंताला सगळं आठवत असताना तो म्हणतो, मी हिला ओळखत नाही. ती रडत बसत नाही. राजाला खडे बोल सुनावते, खोटं बोलण्याचं पाप काय असतं ते सांगते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा तो कबूल करतो की मला माहीत होतं, लोक काय म्हणतील म्हणून मी तसं केलं.

कालिदासाची थोरवी मी कमी करत नाही, माझी ती पात्रताही नाही. रोमिला थापर यांनी शकुंतलेची ही वेगवेगळी रूपं घेऊन १९९९ साली आख्खं पुस्तकच लिहिलंय, ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी जरूर वाचावं. मला एवढंच म्हणायचंय की मूळ गोष्टीत जो उघड दगा होता, तो नाटकात येईपर्यंत शाप झाला. दगा करणारा माणूस बाजूला झाला आणि नशीब पुढे आलं. आणि शेकडो वर्षं आपण नशिबाची गोष्ट ऐकत आलो.

वहीतलं दुसरं नाव ताराबाई शिंद्यांचं. 'संगीत शाकुंतल' पुण्यात आलं त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ साली, बुलढाण्याच्या या बाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यातच छापलं गेलं. त्यामागची हकिकत तुम्हाला माहीत असेल, पण पुन्हा सांगते. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले. लोकलाजेपायी तिनं जन्मलेलं मूल मारलं. १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर गरळ ओकणं सुरू झालं. त्या संतापातून ताराबाईंनी लिहिलं. बायका कपटी, बायका मायावी, बायका अविचारी, असे जे जे आरोप शास्त्रांत आणि सुभाषितांत केलेले, ते एकेक उचलून त्यांनी पुरुषांच्या पदरात घातले. गोड बोलून नादी लावणारा कोण? वचन देऊन पळणारा कोण? आणि मग उजळ माथ्यानं हिंडणारा कोण?

आमच्या मुलीनं इथे लिहिलं होतं: 'विजयालक्ष्मीच्या खटल्यात मुलाचा बाप कुठे आहे?' दीडशे वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे. मागच्या महिन्यात आमच्या केंद्रात आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीबद्दल मी हाच प्रश्न एका साहेबांना विचारला, तर ते म्हणाले, "मॅडम, आता जे झालं ते झालं, पुढचं बघा."

ताराबाईंचं पुढे काय झालं? त्या काळात जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. बाकी पुस्तक विस्मृतीत गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा आपल्या हाती आलं. ज्या बाईनं दग्याला दगा म्हटलं, तिचं पुस्तक नव्वदहून जास्त वर्षं कोणाला वाचायला मिळालं नाही. शाकुंतलाचे प्रयोग मात्र होत राहिले.

मग ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. १८९० पासून ती 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती, आणि घराघरांतून वाचली गेली. लेखक पुरुष, पण गोष्ट यमू स्वतः सांगते. नवरा समंजस, दोघांचा संसार चांगला चाललेला, आणि तो अकाली जातो. नवऱ्याचं मरण मुलीनं कष्टात लिहिलं. पण त्यानंतर सासरच्यांनी यमूचं बळजबरीनं केलेलं केशवपन दग्यात लिहिलं. मरण कोणाच्या हातात नव्हतं, वस्तरा होता. आणि पुढे तिनं एक गंमत टिपली होती. पुस्तकाच्या नावातच 'कोण' आहे. आम्ही सगळ्यांनी ते नाव हजार वेळा ऐकलं होतं, पण तो खरोखरचा प्रश्न आहे हे लक्षात आलं नव्हतं.

चौथी नोंद लक्ष्मीबाई टिळकांची, 'स्मृतिचित्रे'. इथे तिचा गोंधळ उडाला होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. एका दिवसात त्यांचा संसार तुटला. लहान मुलाला घेऊन कितीतरी दिवस नातेवाइकांच्या आधारानं काढले. पुढे त्या नवऱ्याकडे परत गेल्या, काही वर्षांनी स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. हे सगळं त्या इतकं हसत-खेळत सांगतात की वाचणारी हसते आणि मग गप्प होते. तर हे कुठल्या रकान्यात लिहायचं? टिळक लबाड नव्हते. त्यांनी जे केलं ते श्रद्धेनं केलं, त्यासाठी स्वतःही सोसलं. त्यांचं बायकोवर प्रेम होतं. तरी त्यांच्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि ती त्यांना न विचारता मोजायला लावली. मुलीनं रेघेच्या दोन्ही बाजूंना लिहिलं होतं आणि मधे प्रश्नचिन्ह काढलं होतं. खाली लिहिलं होतं, 'प्रेम असलं तर दगा मोजायचा का?' हा प्रश्न जरा लक्षात ठेवा.

पाचवं नाव बेबीताई कांबळ्यांचं. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आलं, १९८६ साली पुस्तक झालं. वीरगाव, फलटण परिसरातल्या महारवाड्याचं जिणं, भूक, वेठबिगार, आणि बाबासाहेबांच्या हाकेनं उभी राहिलेली माणसं. त्यात सुनांचे हालही आहेत, पायात खोडा घातलेल्या सुना आहेत. पण स्वतःच्या नवऱ्याबद्दल बेबीताई पुस्तकात फार काही बोलत नाहीत. हे पुस्तक त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिलं, लपवून ठेवलं. पुढे माया पंडित यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००८ मध्ये आलं, त्यात बेबीताईंची मुलाखत आहे. त्या मुलाखतीत त्या सांगतात की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. मुंबईच्या एका प्रवासात डब्यातल्या पोरांनी नुसतं बघितलं म्हणून त्यानं नाकातून रक्त येईस्तोवर मारलं.

मी ही मुलाखत मुलींना वाचून दाखवली तेव्हा खोली एकदम शांत झाली. जी बाई गावाला भीत नाही, जातीच्या उतरंडीवर निर्भीडपणे लिहिते, तिला घरातलं लिहायला अवघड गेलं. का, याचं उत्तर बेबीताईंच्याच शब्दांत शोधायला हवं. त्यांना आपल्या समाजाची कहाणी सांगायची होती, आणि ती फार मोठी होती. मी त्यांना बोल लावत नाही. पण मुलीनं तिथं जे लिहिलं ते सांगते: 'कष्ट चारचौघांत सांगता येतात. दगा सांगितला तर आपलंच घर उघडं पडतं.'

तुम्ही म्हणाल, ही सगळी छापील पुस्तकं झाली. न लिहिणाऱ्या बायकांचं काय? आमच्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांनी गावोगाव फिरून कार्यकर्त्या बायकांच्या मदतीनं अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवास आहे, दळणकांडण आहे, आईची आठवण आहे, आणि भाऊ तर जागोजागी आहे. भाऊ राजा आहे, चंद्र आहे, माहेराचा आधार आहे. आणि माहेरी मान मिळाला नाही तर बोल कोणाला? भावजयीला! भाऊ बहुतेक सुटतो. मी मुलींना हे सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. ती एकटी हसली नाही.

त्याचं कारण मला तीन आठवड्यांनी कळलं.

तिच्या वडिलांच्या नावावर तीन एकर जमीन आहे. वडील गेल्यावर वारस म्हणून आई, भाऊ आणि ही, अशी तिघांची नावं सातबाऱ्यावर लागली. ही अठरा पूर्ण झाल्यानंतर भाऊ म्हणाला, "पीककर्जाला तुझी सही लागते. सोमवारी तालुक्याला ये, दुय्यम निबंधक कार्यालयात." ही म्हणाली, येते. भावानं आजवर पोटाला चिमटा घेऊन शिकवलेलं. संशयाचा प्रश्नच नव्हता.

तिथे बाकावर बसल्या बसल्या तिनं कागद वाचायला घेतला. वाचायची सवय लागलेली, दुसरं काय! तिसऱ्या ओळीत शब्द आला: 'हक्कसोडपत्र'. पुढे लिहिलं होतं की मी माझ्या राजीखुशीनं, कुठल्याही दबावाखाली न येता, बंधुप्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता माझा हिस्सा सोडून देत आहे.

तिनं भावाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

तिनं सही केली नाही. दप्तर उचललं आणि एस.टी.नं वसतिगृहावर परत आली. त्या गुरुवारी तिनं वही माझ्यासमोर ठेवली. शेवटच्या पानावर कुठल्याच पुस्तकाचं नाव नव्हतं. 'दादा' एवढंच लिहिलं होतं. डावीकडे: बारा तासांची पाळी, माझी फी, आईचं औषध, स्वतःचं शिक्षण सोडलं. उजवीकडे: सोमवार.

मैत्रिणींनो, मला इथे माझी एक कबुली द्यायची आहे. आमच्या केसपेपरवर एक रकाना असतो, 'समस्येचे स्वरूप'. मी कितीतरी बायकांच्या कागदावर तिथे लिहिलंय, 'आर्थिक अडचण', 'कौटुंबिक कलह', 'समायोजनाचा अभाव'. हे शब्द मला कॉलेजात शिकवले. पण नवऱ्यानं दागिने मोडून दुसरा संसार थाटला, तर ती 'आर्थिक अडचण' कशी? दिरानं अंगठा घेऊन घर लिहून घेतलं, तर तो 'कलह' कसा? आम्ही शिकलेल्या बायकांनी आमच्या परीनं दुर्वासाचे शापच लिहिले. ज्यात कर्ता नाही असे शब्द. आपली बोलीसुद्धा बघा. नवऱ्यानं सोडलेल्या बाईला 'टाकलेली' म्हणतात. शिक्का तिच्यावर बसतो. टाकणाऱ्याला कुठला शब्द आहे?

आणि दुसरी कबुली घरातली. २००९ साली माझे आजोबा गेले. तेराव्यानंतर मामांनी आईला तालुक्याला नेलं आणि सही घेतली. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात सांगितलं गेलं की वारसनोंदीची सही होती. पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना मला कायदा कळला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना जन्मतः दिला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे सगळं मी शिबिरांतून फळ्यावर लिहून शिकवलं. पण आईच्या सहीबद्दल मी घरी कधी तोंड उघडलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आई भोळी, तिला फसवलं.

त्या मुलीची वही वाचल्यावर मी घरी गेले आणि आईला विचारलं, "मामांनी तुला न सांगता सही घेतली ना?"

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "न सांगता कशी? मी वाचून केली."

"वाचून?"

"सातवीपर्यंत शिकले आहे मी. वारसनोंद आणि हक्कसोड यातला फरक मला कळतो."

"मग का केलीस?"

"नसती केली तर माहेर तुटलं असतं. दिवाळीला कुठे गेले असते? तुझ्या लग्नाला मामा उभा राहिला असता का?" थोडा वेळ थांबून म्हणाली, "आणि घरी येऊन तुम्हाला काय सांगायचं होतं, की माझ्या भावांनी माहेराची किंमत लावली? त्यापेक्षा वारसनोंद बरी."

म्हणजे राजाला विसर पडला नव्हता, आणि शकुंतलेलाही नाही. आमच्या घरात शापाची गोष्ट माझ्या आईनंच रचली होती, भावांना वाचवायला, आणि स्वतःलाही. पंधरा वर्षं ती तिनं एकटीनं सांभाळली. मी तिला भोळी समजत होते. ती भोळी नव्हती, तिला दुसरा रस्ता दिसत नव्हता. आईनं पुढे काही करावं असं मी म्हटलं नाही. तिला ते नको आहे. पण त्या रात्री जेवताना ती बऱ्याच वेळानं आपणहून म्हणाली, "थोरल्या विहिरीजवळची पट्टी होती बघ. त्यात मी भुईमूग उपटायला जायची." एवढंच. ती जमीन तिची होती, हे मोठ्यानं म्हणायची तिची ही पद्धत.

मुलीचं काय झालं ते विचाराल. सिनेमासारखं काही झालं नाही. भाऊ आठ महिने बोलला नाही. पैसे पाठवणं बंद झालं. आई फोनवर रडायची, "एका सहीपायी घर मोडलंस." या मुलीनं महाविद्यालयाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत काम घेतलं, सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात बसली. राखी पोस्टानं पाठवली, ती परत आली नाही, पण उत्तरही आलं नाही. मी तिला कायदा सांगितला, निर्णय तिच्यावर सोडला. मला भीती वाटत होती, की वाचनगट काढून मी या पोरीचं माहेर तोडलं का?

मार्चमध्ये भाऊ वसतिगृहाच्या फाटकाशी आला. आत आला नाही. दोघं बाहेर चहाच्या टपरीवर बसले. त्यानं सांगितलं की त्याचं लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांनी 'सातबारा कोणाच्या नावावर?' विचारलं, आणि चुलत्यांनी सल्ला दिला की बहिणीची सही आत्ताच घेऊन टाक, नंतर जावई आडवा येईल. ती म्हणाली, "मला आधी विचारलं असतंस तर?" तो म्हणाला, "विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर?" मिटलं काहीच नाही. नावं तिघांची आहेत तशीच आहेत. पण आता तो फोन उचलतो.

त्यानंतर तिनं वही पुन्हा आणली. लक्ष्मीबाईंच्या पानावरचं प्रश्नचिन्ह खोडलं होतं. लिहिलं होतं: 'मोजायचा. दोन्ही रकाने भरायचे. एकानं दुसरा पुसायचा नाही.' दादाचे कष्ट खरे आहेत. सोमवारही खरा आहे.

मला वाटतं, वाचनानं आपल्याला द्यायचं ते हेच. आपल्याला लहानपणापासून सोसण्याच्या गोष्टी भरपूर मिळतात, आणि सोसणाऱ्या बाईला डोक्यावर घेतलं जातं. सोसणं मोठंच आहे, आपल्या आया-आज्यांनी सोसलं म्हणून आपण इथे आहोत. पण जे कोणी केलं आहे, ते नुसतं 'झालं' असं सांगितलं गेलं, तर ते पुन्हा होतं. ताराबाईंपासून बेबीताईंपर्यंत बायकांनी काय लिहिलं आणि काय लिहू शकल्या नाहीत, हे त्या दोन रकान्यांत ठेवून वाचलं तर आपलं स्वतःचं घर दिसायला लागतं.

माझ्या तीन विनंत्या आहेत आणि मग मी थांबते. पहिली, आपल्या सल्ला केंद्रांच्या कागदांवर 'काय झालं' याबरोबर 'कोणी केलं' हाही रकाना घाला. बाईनं सांगितलं तर लिहा, नाही सांगितलं तर रिकामा ठेवा, पण रकाना असू द्या. दुसरी, वस्तीवर, वसतिगृहात वाचनगट काढा, आणि मुलींना कादंबरीइतकंच मुद्रांकावरचा कागद वाचायला शिकवा. हक्कसोडपत्राची नोंदणी व्हावी लागते, त्यानंतर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. फसवून सही घेतली असेल तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी न्यायालयात जाता येतं. हे प्रत्येक मुलीला पाठ असू द्या.

आणि तिसरी, आज घरी गेल्यावर आईला विचारा, "तुझ्या माहेरच्या जमिनीचं काय झालं?" घाई करू नका. ती आधी म्हणेल, "काही नाही, सगळं छान." भाकरी होईपर्यंत तिच्याजवळ थांबा.